दार्जिलिंगचं वाफेचं इंजिन आणि कर्सियांगचा बाजार: कोणतं तिकीट काढावं, काय पाहावं

तिकीट काढताना आधी इंजिन कोणतं ते बघा, वेळ नंतर. दार्जिलिंगहून घूमला जाऊन परत येणाऱ्या दोन तासांच्या फेरीला तिथे जॉयराइड म्हणतात आणि ती दोन प्रकारची असते, वाफेची आणि डिझेलची. मार्ग, थांबे आणि लागणारा वेळ जवळपास सारखेच. वाफेच्या फेरीला साधारण दीड हजार रुपये पडतात, डिझेलच्या फेरीला हजाराच्या आसपास. दर बदलत असतात, म्हणून आरक्षणाच्या दिवशी दिसेल तो आकडा खरा धरा. टूरवाल्याच्या पॅकेजमध्ये नुसतं ‘टॉय ट्रेन’ लिहिलेलं असलं तर ते बहुधा डिझेल असतं. आधी विचारून घ्या आणि तिकिटावर ‘स्टीम’ हा शब्द डोळ्यांनी पाहा. आयआरसीटीसीवर शोधताना निघण्याचं आणि पोचण्याचं ठिकाण दोन्हीकडे दार्जिलिंगच येतं. त्यात गोंधळून अनेकजण दार्जिलिंग ते घूम शोधत बसतात आणि गाडीच नाही असं समजतात.

पाचशे रुपये वाचवण्यासाठी डिझेल घेऊ नका, एवढं स्पष्ट सांगतो. तिथे धावणारं एनडीएम-६ जातीचं डिझेल इंजिन नेरळ–माथेरान मार्गावरही आहे. माथेरानच्या गाडीत बसलेल्या माणसाला त्यात नवीन काही मिळणार नाही. वाफेच्या फेरीत जे मिळतं ते मात्र देशात फार थोड्या ठिकाणी उरलंय: रोजच्या कामासाठी बनवलेलं शंभरावर वर्षांचं इंजिन, त्याच कामावर, त्याच रुळांवर.

हे इंजिन म्हणजे ‘बी’ क्लास. मूळ आराखडा शार्प, स्टुअर्ट कंपनीचा, १८८९ सालचा. पुढे नॉर्थ ब्रिटिश कंपनीने तशीच इंजिनं बनवली, पहिल्या महायुद्धाच्या काळात तीन अमेरिकेच्या बाल्डविनकडून आली आणि काही तर याच रेल्वेच्या तिनधारिया कारखान्यात जोडली गेली. सगळी मिळून ३४. आज कामावर आहेत ती त्यातली मोजकीच. क्रमांक ७७७ ते ८०६ या पट्ट्यातले, शेवटी ‘बी’ हे अक्षर. ७७७ दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे आणि ७९४ आपल्या नेरळला आणलं गेलं. पूर्वीचं १९ नंबरचं इंजिन साठच्या दशकात अमेरिकेत विकलं गेलं आणि तिथून इंग्लंडला पोचलं.

फलाटावर निदान अर्धा तास आधी पोचा. इंजिनाची रचना नीट बघायला तोच वेळ. चाकं फक्त चार आणि चारही इंजिनाच्या जोराने फिरणारी. एकेका चाकाचा व्यास २६ इंच, म्हणजे गुडघ्याच्या थोडा वर. सिलिंडर दोन, बाहेरच्या बाजूला, ११ इंच व्यासाचे आणि पिस्टनची धाव १४ इंच. बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली टाकी पाण्याची. कोळसा मात्र नेहमीच्या इंजिनांसारखा ड्रायव्हरच्या मागे नाही, तो केबिनच्या पुढे, बॉयलरच्या वर रचलेला असतो. त्या ढिगावर एक माणूस हातोडी घेऊन बसलेला दिसेल. मोठे दगड फोडून मुठीएवढे तुकडे करून खाली फायरमनला देणं हे त्याचं पूर्णवेळ काम. भट्टी लहान आहे. मोठा दगड टाकला तर तो बाहेरून जळतो, आत कच्चा राहतो आणि वाफ पडते. फार बारीक चुरा टाकला तर जाळीतून हवा येत नाही. मुठीएवढा तुकडा हा हिशेब म्हणूनच.

ड्रायव्हर, फायरमन, कोळसा फोडणारा, हे झाले तीन. उरलेले दोघे जिथे बसतात ती जागा बघायला विसरू नका: इंजिनाच्या अगदी पुढे, बंपरच्या आडव्या पट्टीवर, पाय खाली सोडून, एक डाव्या रुळावर आणि एक उजव्या. शेजारच्या पेटीत वाळू. चाक घसरायला लागलं की मूठभर वाळू नेमकी रुळाच्या माथ्यावर, चाकाच्या वीतभर पुढे पडली पाहिजे. जास्त पडली तर ती सांध्यात साचते, कमी पडली तर उपयोग नाही. मोठ्या इंजिनांना वाळूसाठी नळ्या असतात. इथे वळणं इतकी आखूड आणि रूळ इतका बदलता की माणसाच्या हाताएवढा नेम नळीला जमत नाही.

वाळू का लागते याचा साधा हिशेब आहे आणि तो समजला की सगळी फेरी वेगळी ऐकू येते. या मार्गावर २५ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, असा चढ नवलाचा नाही. अशा चढावर दर टनामागे ४० किलोचा ओढा नुसत्या वजनापोटी लागतो. इंजिन आणि डबे मिळून ३५ टन धरले तर १,४०० किलो झाले. वळणाचं आणि बेअरिंगचं घर्षण त्यावर. सिलिंडरचा जोर हिशेबाने साडेतीन टनांपर्यंत जातो, म्हणजे ताकद भरपूर आहे. अडचण पकडीची आहे. इंजिनाचं वजन १५ टनांच्या आसपास, रूळ कोरडा असला तर त्याच्या पाव हिश्शापर्यंत पकड मिळते आणि काम सहज भागतं. धुकं पडलं, रुळावर ओला पाला चिकटला, रस्त्यावरच्या वाहनांचं तेल पसरलं की पकड दहाव्या हिश्शावर येते. दीड टन पकड आणि तेवढंच ओझं. आता सगळी भिस्त त्या दोन माणसांच्या मुठीवर.

घसरण कानाला आधी कळते. चढावर इंजिनाचा आवाज हळू, जड, एकेक ठोका वेगळा असा येत असतो. एकदम ठोके घाईघाईने पडू लागले आणि गाडी मात्र तेवढीच हळू राहिली, की समजावं चाकं जागेवर फिरताहेत. ड्रायव्हर लगेच वाफ बंद करतो, पुढचे दोघे वाळू टाकतात, मग वाफ पुन्हा हळूहळू सोडली जाते. त्याने वेळेवर बंद केली नाही तर दोन गोष्टी बिघडतात. धुराड्यातल्या जोरदार ओढीने भट्टीतला निखारा फाटतो आणि बॉयलरमधलं पाणी उसळून वाफेबरोबर सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टनच्या पुढे ते सापडलं तर झाकण फुटेपर्यंत मजल जाते. म्हणूनच गाडी सुटताना सिलिंडरखालच्या तोट्या उघडतात आणि पांढरी वाफ फुसकारत दोन्ही बाजूंना बाहेर फेकली जाते. फोटो काढायला लोक नेमके तिथेच उभे राहतात. ती वाफ गरम असते आणि तिच्यात उकळतं पाणी असतं. सिलिंडरच्या रेषेत उभं राहू नका, दोन मीटर पुढे किंवा मागे सरका. मुलांना तर तिथे अजिबात नको.

आता बसायचं कुठे. घूमला जाताना चढ आहे, परत येताना उतार. अनेकांचा समज उलटा असतो, कारण दार्जिलिंग हे शेवटचं स्टेशन म्हणून तेच सगळ्यात उंच असणार असं वाटतं. प्रत्यक्षात घूम २,२५८ मीटरवर आहे, देशातलं सर्वांत उंच रेल्वे स्टेशन, आणि दार्जिलिंग त्याच्या जवळपास पावणेदोनशे मीटर खाली. इंजिनाचं खरं काम जाताना ऐकायला मिळतं. येताना ते मुख्यतः ब्रेकवर उतरतं. जाताना इंजिनाला लागून असलेला डबा मिळाला तर उत्तम. घूमला इंजिन सुटं होऊन बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला येऊन जोडलं जातं, त्यामुळे जाताना पहिला असलेला डबा येताना शेवटचा होतो. धूर दोन्ही वाट्यांना थोडा थोडा येतो.

धुराबद्दल कोणी आधी सांगत नाही, म्हणून सांगतो. खिडकी उघडी असली तर काजळी आणि कोळशाचे बारीक कण आत येतात. पांढरा शर्ट, फिकी शाल, नवा स्वेटर यांपैकी काहीही घालू नका. चष्मा नसणाऱ्याने साधा गॉगल जवळ ठेवावा. डोळ्यात कण गेला तर चोळायचा नाही, पाण्याने धुवायचा, म्हणून बाटली हाताशी हवी. दम्याचा त्रास असणाऱ्या माणसाला वाफेची फेरी देऊ नये. त्यांच्यासाठी डिझेल हाच योग्य पर्याय, तिथे पाचशे रुपयांचा विचार वेगळा. डबा अरुंद, पायांना जागा कमी. गुडघ्याचं दुखणं असलेल्या ज्येष्ठांना चढताना हात द्यावा लागेल, आणि स्वच्छतागृहाचं काम स्टेशनवरच उरकून घ्यावं.

वाटेत बतासिया लूप येतो, १९१९ साली बांधलेला. एवढ्या चढावर रूळ सरळ नेता येत नव्हता म्हणून गाडीला टेकडीभोवती पूर्ण वळसा देऊन, स्वतःच्याच रुळावरून पूल करून, उंची विभागून घेतली. गाडी थांबते सुमारे दहा मिनिटं. मधोमध बाग आणि गोरखा सैनिकांचं स्मारक आहे. आकाश स्वच्छ असेल तर समोर ८,५८६ मीटर उंचीचं कांचनजंगा. पण ‘असेल तर’ हे लक्षात ठेवा: ढग साधारण दिवस चढेल तसे वर येतात, म्हणून सकाळची पहिली फेरी मिळवण्याचा प्रयत्न करा. दहा मिनिटांत बाग, दुर्बीण, पोशाखातले फोटो, सगळं होत नाही. उतरल्यावर लगेच वळणाच्या बाहेरच्या कडेला जा. तिथून इंजिन, डबे आणि शिखर एका नजरेत येतात. शिट्टी झाली की परत फिरा, गाडी थांबत नाही.

घूमला अर्धा तास मिळतो आणि बहुतेक लोक तो संग्रहालयाच्या रांगेत घालवतात. क्रम उलटा करा. आधी इंजिन सुटून फिरताना पाहा: कपलिंग हाताने सोडणं, काटा बदलणं, मागे येताना ड्रायव्हर खिडकीतून मान काढून अंतर मोजत येतो ते. हे दहा-बारा मिनिटांत संपतं. मग वर जाऊन संग्रहालय उरलेल्या वेळात आरामात होतं, ते लहान आहे. तिथलं ‘बेबी सिवोक’ हे चिमुकलं जुनं इंजिन चुकवू नका. त्याच्या शेजारी उभं राहिलं की ‘बी’ क्लाससुद्धा मोठा वाटतो. जवळचे गोंपे, म्हणजे बौद्ध मठ, पाहण्याचा मोह याच अर्ध्या तासात करू नये. त्यासाठी वेगळी गाडी करून वेगळी सकाळ ठेवावी.

इथपर्यंत इंजिन पाहून झालं. रेल्वे मात्र अजून पाहायची राहिली, आणि ती पाहायची याच मार्गावरच्या कर्सियांग गावाच्या बाजारात.

१८८१ च्या जुलैमध्ये सिलिगुडी ते दार्जिलिंग रूळ पूर्ण झाला तो बैलगाड्यांच्या जुन्या रस्त्याच्या कडेने. हिल कार्ट रोड आधी होता, फ्रँकलिन प्रेस्टेज या रेल्वे अधिकाऱ्याने रूळ त्याच रस्त्यावर बसवायची कल्पना मांडली, कारण स्वतंत्र वाट खोदण्याचा खर्च परवडणार नव्हता. त्यामुळे २ फुटांचा, म्हणजे ६१० मिलिमीटरचा हा रूळ शंभराहून जास्त वेळा रस्ता ओलांडतो आणि गावं लागली की गावाचाच भाग होतो. कर्सियांग स्टेशन मुख्य मार्गापासून जरा बाजूला, बंद टोकाचं आहे. वर जाणारी गाडी स्टेशनात शिरते आणि निघताना उलटी बाहेर येते, थेट गजबजलेल्या चौकात. वाहनं थांबवली जातात, गाडी मागे येते, काटा बदलतो, मग ती पुढे तोंड करून बाजारात शिरते.

बाजारातला तुकडा काहीशे मीटरचाच आहे, पण जगातल्या मोठ्या मोठ्या रेल्वेंकडे असं काही नाही. एका बाजूला दुकानांच्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला जीपगाड्यांची रांग, मधून रूळ. मोज्यांचे गठ्ठे, स्टीलची भांडी, संत्र्यांच्या टोपल्या रुळापासून हातभर अंतरावर मांडलेल्या असतात. शिट्टी ऐकू आली की दुकानदार टोपली पायाने आत सरकवतो आणि गिऱ्हाइकाशी बोलणं चालूच ठेवतो. डबा जवळून जाताना टांगलेल्या छत्र्या हलतात. गाडीचा वेग माणसाच्या भरभर चालीएवढा.

इथे उभं राहण्याचं भान ठेवा. रुळांमधलं अंतर जेमतेम दोन फूट असलं तरी डबा दोन्ही बाजूंना त्याहून पुष्कळ बाहेर येतो आणि वळणावर त्याचा कोपरा आणखी बाहेर फिरतो. रुळापासून मीटरभर अंतर सुरक्षित वाटतं, पण तेवढं पुरत नाही. दोन मीटर ठेवा, किंवा दुकानाच्या पायरीवर चढून उभे राहा, दुकानदाराला विचारून. सेल्फी काढताना गाडीकडे पाठ नको. मोटारसायकल रुळाशेजारी लावू नये, हे तिथल्या लोकांना माहीत आहे. बाहेरून भाड्याने गाडी घेऊन आलेलेच रूळ अडवतात आणि मालक सापडेपर्यंत गाडी उभी राहते.

याच भागात चाक रुळावरून उतरण्याचे किरकोळ प्रकारही होतात आणि कारण साधं आहे. रूळ डांबरात बुडालेला असतो. चाकाच्या कडेसाठी रुळालगत जी खाच मोकळी राहायला हवी, तिच्यात वाहनांच्या टायरने खडी आणि माती भरली जाते. पावसानंतर ती घट्ट बसते. चाकाची कड त्या खडीवर चढली की चाक उतरतं. वेग कमी असल्यामुळे कोणाला इजा सहसा होत नाही. कर्मचारी जॅक, लाकडी ठोकळे आणि पहारी घेऊन येतात, चाक उचलून पुन्हा बसवतात. असा प्रसंग समोर घडला तर घाबरून उड्या मारू नका, गाडी थांबेपर्यंत बसून राहा आणि रस्त्याच्या बाजूला न उतरता दुकानांच्या बाजूला उतरा.

बाजारातली गाडी आतून अनुभवायची असेल तर तिकिटाचा हिशेब असा. पायथ्याचं न्यू जलपाईगुडी ते दार्जिलिंग ही रोजची गाडी ८८ किलोमीटरला सात तासांहून जास्त घेते. ती डिझेलची आहे. वाफेचं इंजिन या पूर्ण मार्गावर खास ठरवलेल्या गाड्यांनाच मिळतं. पूर्ण प्रवास रेल्वेचं वेड असलेल्यांसाठी सोन्यासारखा आहे: मागेपुढे करत डोंगर चढणारे सहा झिगझॅग, तिनधारियाजवळचा अॅगनी पॉइंटचा लूप, जिथल्या वळणाची त्रिज्या १८ मीटरच्या आसपास भरते. लहान मुलं आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर सात तास जड जातात. त्यांनी दार्जिलिंगहून सकाळी खाली जाणारी गाडी पकडावी आणि कर्सियांगचंच तिकीट काढावं. अंदाजे तीन तास लागतात. बतासिया, घूम, सोनादा, तुंग करत गाडी शेवटी बाजारातून जाते आणि स्टेशनात शिरते. परत यायला शेअर जीप मिळते, अंतर तीसेक किलोमीटर. न्यू जलपाईगुडीकडून येऊन कर्सियांगला उतरायची चूक करू नका. बाजार स्टेशनच्या वरच्या अंगाला आहे, तो मग हुकतोच.

ऋतूबद्दल थोडक्यात. ऑक्टोबर–नोव्हेंबर आणि मार्च–एप्रिल उत्तम. जून ते सप्टेंबर दरडींचे महिने. २०१० साली पागलाझोराजवळ दरड कोसळून मार्ग तुटला, पुढच्या वर्षीच्या भूकंपानेही नुकसान केलं आणि न्यू जलपाईगुडीपासूनची पूर्ण सेवा परत सुरू व्हायला २०१५ चा डिसेंबर उजाडला. पावसाळ्यात घूमची फेरी चालू असली तरी खालचा मार्ग बंद असू शकतो. दोन्ही वेगवेगळे धरून चौकशी करा.

वाफेचं इंजिन आयत्या वेळी बिघडू शकतं. बॉयलरची नळी गळते, बेअरिंग तापतं. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, बरेचसे तिनधारियाच्या कारखान्यात हातानेच घडवावे लागतात. अशा वेळी त्या जागी डिझेल जोडलं जातं किंवा फेरी रद्द होते. म्हणून जॉयराइड मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका, पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवा, म्हणजे एक दिवस हातात राहतो. इंजिन बदललं असेल तर गाडीत बसण्याआधीच तिकीट खिडकीवर फरकाच्या रकमेबद्दल विचारा. सीझनमध्ये वाफेच्या फेऱ्या लवकर भरतात, तेव्हा विमानाचं तिकीट काढल्याबरोबर हेही काढून ठेवा.